अर्धी टाकी

वजनकाट्याच्या खिडकीतल्या माणसानं सवयीनं विचारलं, "काय माल आहे?"

"घर," नवरा म्हणाला.

तो हसला नाही. आधी पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग पूर्ण गाडी, आणि चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठी वाचल्यावर आमचंही हसू गेलं. कंपनीनं ठरवून दिलेल्या कमाल वजनापेक्षा आम्ही शंभर किलोंहून थोडे जास्तच होतो. एकूण वजनातून पुढच्या चाकांचं वजा केलं की मागच्या ॲक्सलवर किती भार येतो ते कळतं. तिथली अवस्था आणखी वाईट. आणि ही पहिली सफर सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता.

ट्रक कॅम्पर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर दहा चाकी मालट्रक येतो, म्हणून आधी सांगते. ही साधी पिकअप असते. तिच्या मागच्या हौद्यात एक आख्खी खोली सरकवून बसवायची. ड्रायव्हरच्या टपावर आलेल्या पुढच्या भागात बिछाना, खाली ओटा, शेगडी, फ्रीज, दोन माणसांपुरतं टेबल, कोपऱ्यात संडास. मुक्काम संपला की खोली चार पायांवर उभी करून गाडी खालून काढून घेता येते. मोटरहोममध्ये घराला स्वतःचं इंजिन असतं. कॅरॅव्हॅन मागून ओढत न्यायची असते. इथे मात्र गाडी घर पाठीवर वाहते, आणि ओढणं वेगळं, वाहणं वेगळं. ओढगाडीचं बहुतेक वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅम्परमधला चमचासुद्धा तुमच्या पिकअपच्या चाकांवर येतो. गाडी किती ओढते हा आकडा जाहिरातीत ठळक अक्षरात छापलेला असतो. किती वाहते हा आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या कागदावर असतो. तो वाचायला वाकावं लागतं. आम्ही वाकलो नव्हतो.

त्या चौकटीवरच्या आकड्यात माणसंही धरायची असतात, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्या गाडीचा आकडा होता १,४५० किलो. कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन १,००० किलो. म्हणजे साडेचारशे किलो हाताशी आहेत, अशा थाटात आम्ही भरत सुटलो. पण माहितीपत्रकातलं वजन कोरड्या कॅम्परचं असतं, आणि कोरड्या कॅम्परमध्ये कुणी राहत नाही. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो, इथे सूट नाही. ९ किलोचे दोन गॅस सिलिंडर, रिकाम्या लोखंडासकट ३४ किलोंच्या आसपास. दोन शिशाच्या बॅटऱ्या, ६० किलो. आम्ही दोघं मिळून १४०. आणि कपडे, भांडी, हत्यारं, खुर्च्या, पुस्तकं, 'असू दे लागेल' म्हणून घेतलेलं सगळं मिळून दोनशे. बेरीज करून बघा.

कुणी विचारलं तर माझा पहिला सल्ला हाच असतो: आधी कॅम्पर ठरवा, मग तो पेलणारी गाडी शोधा. आम्ही उलट केलं. बहुतेक जण उलटच करतात, कारण गाडी आधीच दारात उभी असते. पिकअपची 'अर्धा टन, पाऊण टन, एक टन' ही जुनी वर्गवारी बोलण्यात अजून टिकून आहे, पण तिच्यावर विसंबू नये. आजची 'अर्ध्या टनाची' गाडी त्याहून बरंच जास्त वाहते. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे आकडेही सारखे नसतात. एकीला चार दारांची मोठी केबिन, चारही चाकांना जोर, छताला काच, दुसरी साधीसुधी. साधीसुधी जास्त वाहते, कारण तिनं स्वतःवर कमी चढवलेलं असतं.

ज्या गृहस्थांकडून आम्ही हा कॅम्पर घेतला ते सत्तरी ओलांडलेले होते. व्यवहार झाल्यावर त्यांनी आम्हाला हौद्याजवळ उभं केलं आणि म्हणाले, "याला घर समजू नका, सामान समजा. घर समजलात की भरत सुटाल." मला ते तेव्हा जरा रुक्ष वाटलं होतं. काट्यावरून उतरताना आठवलं.

त्या रात्री मी वही केली. तीन रकाने: वस्तू, वजन, शेवटचं कधी वापरलं. बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला आणि एकेक वस्तू टांगली. नवऱ्याला हा माझा खुळा छंद वाटला. बिडाचा तवा टांगला तेव्हा तो म्हणाला, "अगं, चार किलोनं काय होतंय?" मी त्याला वही दाखवली. 'चार किलोनं काय होतंय' अशा त्यात तेवीस वस्तू होत्या.

सगळ्यात आधी फाळका गेला. कॅम्पर बसवल्यावर मागचा फाळका लावायचाच नसतो, तरी 'गाडीचाच भाग आहे' म्हणून आम्ही तो आत आडवा घालून नेत होतो. मग हौद्यातलं प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर काढलं. त्यात वजनापेक्षा घसरण्याचा प्रश्न मोठा होता. त्याजागी जाड रबरी चटई घातली. प्लास्टिकवर कॅम्पर ब्रेक दाबला की इंचभर पुढे सरकायचा. रबरावर तो जागचा हलत नाही.

मग बॅटऱ्या. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरू दिली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन बॅटऱ्यांतून आम्हाला खरे मिळत होते शंभरच. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ची एकच बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते आणि तिचं वजन बारा-तेरा किलो. एका फटक्यात पंचेचाळीसहून जास्त किलो गेले. पैसे जास्त गेले, पण इतके किलो एका जागी दुसरीकडे कुठेच सापडणार नव्हते. एक पथ्य मात्र आहे: शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, आतून कायमची खराब होते. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यातून काढून आत, बाकाखाली आणली. थंडीत आमच्याबरोबर तीही ऊब खाते.

विजेचं गणित लोक फार अवघड करून ठेवतात. मी एवढंच बघते: दिवसाला किती वॉट-अवर लागतात आणि किती येतात. १०० अँपिअर-अवर म्हणजे साधारण १,२८० वॉट-अवर. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज दिवसाला ४०० ते ५०० खातो, उन्हाळ्यात जास्त. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन धरून आणखी दोनशे. छतावरचं २०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात एवढं भरून काढतं, ढगाळ आठवड्यात काढत नाही. म्हणून गाडी चालू असताना आल्टरनेटरकडून चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावावा, आणि त्याला जाड वायर द्यावी. मागच्या दिव्यांसाठी असलेल्या बारीक वायरीतून कॅम्परपर्यंत पोचेतो व्होल्टेज इतकं उतरतं की बॅटरी भरायचं नाव घेत नाही. प्रत्येक जाड वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो, उपकरणाला नव्हे. आणि इंडक्शन शेगडीचा मोह टाळावा. १,८०० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १५० अँपिअर. नवऱ्यानं एकदा ती आणली होती. वहीत तिच्यापुढे एकच तारीख आहे.

वजन किती, याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते कुठे. कॅम्परच्या कुशीवर बाण असलेली एक खूण असते, ती गुरुत्वमध्याची. हौद्यात बसवल्यावर तो बाण मागच्या ॲक्सलच्या वर किंवा थोडा पुढे यायला हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं आणि रात्री दिव्यांचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडतो. आमचा बाण योग्य जागी होता, पण आम्ही जड ते सगळं मागच्या दाराजवळ ठेवत होतो, कारण तिथून काढायला सोपं. हत्यारांची पेटी पुढे सरकवल्यावर गाडीची चालच बदलली. मला वाटतं एवढ्या एका बदलाइतका फरक पुढे केलेल्या कुठल्याच खर्चानं पडला नाही.

मागून गाडी बसलेली दिसते म्हणून स्प्रिंगचे पाटे आणि चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्या मध्ये हवेचे फुगे बसवायचे लोक सुचवतात. आम्हीही बसवले, आणि ते चांगले आहेत. गाडी सपाट उभी राहते, दिवे खाली येतात. पण गाडी सपाट दिसली म्हणजे वजन कमी झालं असं नाही. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. टायरच्या बाजूवर त्याची कमाल भारक्षमता आणि तो भार पेलायला लागणारी हवा दोन्ही लिहिलेलं असतं. चारही टायरांचं ते एकदा वाचून काढावं. तिथेच एक लांब क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे तारखेचे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खोबणी खोल आहे म्हणून जुना टायर चालवणं कॅम्परखाली करू नये.

कॅम्पर चढवणं-उतरवणं ही गोष्ट संसाराची परीक्षा आहे, असं मी गंमतीनं म्हणत नाही. चारही कोपऱ्यांचे जॅक उंचावून खोली अधांतरी उभी करायची, आणि गाडी रिव्हर्समध्ये तिच्या पोटाखाली घालायची. दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानींपासून बोटभर, फार तर दोन बोटं जागा. पहिल्यांदा आम्हाला दीड तास लागला आणि आम्ही त्या दिवशी रात्रीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. आता वीस मिनिटं लागतात. ठरलेलं एवढंच: बाहेरच्या माणसानं ड्रायव्हरला आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं, आणि 'अजून थोडं' असं म्हणायचं नाही, इंच सांगायचे. जॅकवर असताना कॅम्परचं नाक शेपटीपेक्षा किंचित उंच ठेवायचं. चारही जॅक थोडे थोडे, फिरत फिरत चालवायचे. एक कोपरा एकदम उचलला तर शेजारच्या कोपऱ्याचा पाय हवेत जातो. वारा असेल तर हे काम करायचंच नाही. आणि उतरवलेल्या कॅम्परमध्ये झोपायचं असेल तर तो होता होईल तेवढा खाली आणून खालून भक्कम आधार द्यायचा.

बांधायच्या साखळ्या शक्यतो चेसीला घट्ट बसवलेल्या कड्यांना जोडाव्यात. हौद्याचा पत्रा त्या ओढीसाठी बनवलेला नसतो. साखळी आवळायला स्प्रिंग असलेले ताण (टर्नबकल) घ्यावेत, म्हणजे खड्ड्यात गाडीला पीळ पडला तरी धक्का कॅम्परच्या सांगाड्यावर जात नाही. आणि निघाल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरवर थांबून ते पुन्हा तपासायचे. एकदा मी थांबायचा कंटाळा केला. पुढे चहाला थांबलो तेव्हा डाव्या बाजूचा मागचा ताण कड्यातून निसटून नुसता लोंबत होता.

उंची किती ते कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा. आमची ३.२ मीटर. पाठ असते, तरी कमानीखाली शिरताना आठवत नाही.

आता ओल. माझ्या मते कॅम्परचा खरा शत्रू ओलच. वजन निदान काट्यावर तरी दिसतं.

ती दोन वाटांनी येते. एक छतातून. पंख्याची चौकट, खिडक्यांच्या कडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या, जिथे जिथे कुणी स्क्रू मारलाय तिथे तिथे. गाडी धावताना सगळा सांगाडा सतत पिळवटत असतो आणि सांध्यात भरलेला पुट्टीसारखा मसाला हळूहळू सुटतो. वर्षातून दोनदा छतावर चढून प्रत्येक सांधा बोटानं चाचपायचा. पट्टीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून छतासाठी मिळणारं सीलंट. सिलिकॉन नको. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, मग सगळं खरवडून काढावं लागतं. हे मी तीन दिवस गुडघ्यांवर बसून शिकलेय, आधीच्या कुणीतरी माया करून सिलिकॉनची नळीच्या नळी ओतली होती. जुना कॅम्पर घेताना आतून भिंतींचे कोपरे, बिछान्याच्या पुढची कड, खिडक्यांखालची जागा अंगठ्यानं दाबून पाहा. भिजलेल्या पापडासारखं मऊ लागलं तर आतली लाकडी चौकट कुजलेली आहे, आणि विकणारा कितीही गोड बोलला तरी परत फिरा.

दुसरी ओल आपली आपणच आणतो. पहिल्या थंडीत गादी उचलली तर खालची फळी ओलीचिंब, कोपऱ्यात काळी बुरशी. मला वाटलं छत गळतंय. छत कोरडं होतं, गळत होतो आम्ही. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, वर वाळत घातलेले मोजे, आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार शेगडी. थंडी वाजते म्हणून ती तासभर पेटती ठेवायची आम्हाला सवय लागली होती. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ती वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. म्हणजे उबेसाठी आम्ही खोलीत पाणी शिंपडत होतो. आता धूर आणि वाफ बाहेर सोडणारा हीटर आहे, गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार पट्टी आहे, आणि कितीही थंडी असो, छताचं झाकण दोन बोटं उघडं असतं. शेगडी स्वयंपाकापुरती.

ते झाकण ओलीपुरतं नाही. बंद खोलीत ज्योत जळते तिथे कार्बन मोनॉक्साइडची भीती असते, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म हवाच. त्याच्यावर संपायची तारीख असते, तीही बघा. आमचा दोन वर्षांपूर्वीच मेलेला होता आणि हिरवा दिवा दाखवत होता. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, आणि तो जमिनीलगत लावायचा, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. दर सफरीआधी साबणाच्या फेसानं सांधे तपासायचे, गाडी चालू असताना सिलिंडरचा कॉक बंद. आग विझवायचं नळकांडं दाराशी ठेवा, शेगडीपाशी नको. आग शेगडीशी लागली तर तिथपर्यंत हात कसा जाणार?

संडासाबद्दल लोकांना फार कुतूहल असतं, म्हणून थोडक्यात: बाहेरून ओढून काढता येणारी पेटी असलेला चांगला. दोन माणसांना दोनतीन दिवस पुरतो. रिकामा करण्याची पाळी कोणाची, हे मात्र निघण्याआधी ठरवावं.

वही आता चौथ्या वर्षात आहे. प्रत्येक सफरीनंतर तिसरा रकाना बघायचा. दोन सफरींत ज्याच्यापुढे तारीख पडली नाही ते खाली उतरतं. औषधं, टायर बदलायची हत्यारं आणि विझवायचं नळकांडं यांना हा नियम नाही. घडीचं मोठं टेबल गेलं, दुसरा पाण्याचा पाइप गेला, चारांतल्या दोन खुर्च्या गेल्या. आम्ही पाहुण्यांसाठी नेत होतो, पाहुणे आलेच नाहीत. माझी पुस्तकं बारावरून तीनवर आली. त्याबद्दल मी काही दिवस घुश्शात होते. तव्याचं मात्र काही करता येत नाही. नवरा रोज सकाळी त्यावर काहीतरी करतो आणि काही बोलायच्या आत स्वतःच्या हातानं वहीत तारीख टाकतो.

परवा पुन्हा काट्यावर गेलो. मर्यादेच्या ६० किलो आत. त्यातला मोठा वाटा पाण्याचा आहे. वाटेत आणि मुक्कामाजवळ पाणी मिळणार असेल तर आम्ही टाकी निम्मीच भरतो आणि उरलेली तिकडे पोचल्यावर भरून घेतो. अर्धी टाकी हिंदकळते, हे खरं. वळणावर मागून एक जडसा आवाज येतो, आणि तो ऐकला की नवरा वेग कमी करतो.